घरी क्लासिक कॉकटेल करायचं तर आधी बर्फ आणि पाणी समजून घ्या

घरी कॉकटेल करायला लागलं की पहिले पैसे बाटलीवर जातात. चांगली व्हिस्की आणली, व्हर्मूथ आणलं, चकचकीत शेकर आणला, रेसिपी अगदी मोजून मापून केली आणि तरी ग्लासातलं ड्रिंक एकतर घसा जाळतं नाहीतर गोडमिट्ट सरबत होऊन बसतं. मी पण बरेच महिने नुसत्या बाटल्याच बदलत होते. मग एकदा एका चांगल्या बारटेंडरच्या समोरच बसायला मिळालं आणि त्याचे हात नीट बघितले, तर त्याचं सगळं लक्ष बर्फाकडे होतं. चमचा फिरवता फिरवता तो मधेच थांबायचा, स्ट्रॉच्या टोकात दोन थेंब घेऊन चाखायचा आणि परत आठ-दहा वेळा फिरवायचा. बाटलीतलं माप तर त्याने आधीच घातलेलं होतं, आता तो फक्त पाणी मोजत होता.

रेसिपीत पाणी लिहिलेलं नसतं, पण तयार ड्रिंकमधे साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाणीच असतं, बर्फ वितळून आलेलं. इतका मोठा घटक आपण अंदाजाने टाकतो आणि मग व्हिस्कीला दोष देतो. म्हणून हा लेख मी पाण्यापासून सुरू करतेय, बाटल्या नंतर.

कॉकटेलची सगळ्यात जुनी व्याख्या

१३ मे १८०६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पेपरात, वाचकाने विचारलं म्हणून, कॉकटेल म्हणजे काय ते छापून आलं. उत्तर सरळ होतं: कुठलंही स्पिरिट (म्हणजे व्हिस्की, रम, जिनसारखी कडक दारू), साखर, पाणी आणि बिटर्स (औषधी वनस्पतींचा कडू अर्क). चारच गोष्टी, आणि त्यात पाणी स्पष्ट सांगितलेलं आहे. त्या काळात कॉकटेल बर्फाशिवायच व्हायचं, थंडगार वगैरे काही नाही, आणि लोक ते बऱ्याचदा सकाळी औषधासारखं घ्यायचे कारण बिटर्स हे मुळात पोटाचं औषध.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १८०६ मधेच, बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ कापून जहाजात भरला आणि कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं, आणि पहिल्या खेपेत त्याने नुकसानही खाल्लं, पण तो हटला नाही. भुशात बर्फ गुंडाळला की तो टिकतो हे कळलं, बर्फघरं बांधली गेली, १८३३ मधे तर बॉस्टनहून निघालेला बर्फ चार महिने समुद्रावर काढून कलकत्त्याला पोचला आणि तरी शंभरेक टन शिल्लक होता. अमेरिकेत बर्फ असा सहज मिळायला लागला तसा तो बारवर आला, आणि त्या चार घटकांतलं पाणी घन होऊन ग्लासात पडायला लागलं. मला तरी कॉकटेलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो, कुठल्याही दारूपेक्षा मोठा. १८६२ मधे जेरी थॉमसने अमेरिकेतलं पहिलं बारटेंडरचं पुस्तक छापलं तोपर्यंत बर्फ हा बारचा रोजचा भाग होऊन गेला होता.

बर्फ थंड करतो म्हणजे नक्की काय करतो

एवढा एक भाग नीट वाचा, बाकी सगळं त्यावरच आहे.

फ्रीजरमधला बर्फ उणे १८ डिग्रीला असतो असं धरू. तो १ ग्रॅम बर्फ उणे १८ वरून शून्यावर येताना फक्त ९ कॅलरी उष्णता खेचतो. पण शून्यावर आलेला तोच १ ग्रॅम वितळताना तब्बल ८० कॅलरी खेचतो. म्हणजे ड्रिंक थंड होतं ते बर्फ थंड असल्यामुळे कमी आणि बर्फ वितळल्यामुळे जास्त. त्यामुळे पाणी न घालता थंड करणं शक्यच नाही. कोणी म्हणालं की माझं ड्रिंक एकदम थंड हवं पण पाणचट नको म्हणून मी दोनच वेळा ढवळते, तर तिला थंडही मिळत नाही आणि पाणीही कमी पडतं.

अल्कोहोलमुळे हे मिश्रण शून्याच्याही खाली जातं, ढवळलेलं ड्रिंक उणे दोन-तीनच्या आसपास आणि जोरात शेक केलेलं उणे पाचपर्यंत. तिथे पोचलं की थंड होण्याचा वेग पडतो आणि पाणी शिरण्याचाही पडतो, म्हणून पाच सेकंद जास्त झाले तर काही बिघडत नाही, पण पंधरा सेकंद आधी थांबलात तर नक्की बिघडतं. नवीन माणूस नेहमी लवकर थांबतो.

आकड्यात सांगायचं तर ९० मिली मिश्रण घेऊन ढवळलं की गाळल्यावर साधारण १२० ते १३० मिली मिळायला हवं, आणि शेक केलं तर १३५ ते १४५. हे एकदा खरंच मोजून बघा.

आता ओला बर्फ आणि कोरडा बर्फ. बादलीत अर्धा तास पडलेल्या बर्फाच्या अंगावर आधीच पाणी सुटलेलं असतं, आणि ते पाणी ड्रिंकमधे जातं तेव्हा त्याचं थंड करायचं काम संपलेलं असतं, ते फक्त पातळ करतं. म्हणून बर्फ फ्रीजरमधून शेवटी काढायचा, सगळं मोजून झाल्यावर. बादलीतलाच वापरावा लागला तर आधी गाळणीत झटकून घ्या. आणि बर्फाला फ्रीजरमधला वास पटकन लागतो, तेव्हा ट्रे झाकून ठेवा आणि दोन आठवड्यांपेक्षा जुना बर्फ टाकून द्या.

मोठा पारदर्शक तुकडा हवा असेल तर तोही घरी होतो. साध्या ट्रेमधे पाणी चहूबाजूंनी गोठतं आणि हवा मधे कोंडते, म्हणून मधे पांढरा ढग दिसतो. त्याऐवजी छोटा इन्सुलेटेड डबा, म्हणजे पिकनिकला नेतात तसला थर्माकोलच्या भिंतींचा, झाकण काढून पाणी भरून फ्रीजरमधे ठेवायचा. आता थंडी फक्त वरून शिरते, बर्फ वरून खाली गोठत जातो आणि हवा खाली ढकलत जातो. साधारण १८ ते २४ तासांनी, तळाचं थोडं पाणी अजून पाणीच असताना, डबा काढून उलटा करायचा. वर काचेसारखी लादी मिळते. तिला दातेरी सुरीने रेघ पाडून सुरीच्या पाठीवर हलका ठोका दिला की ती सरळ फुटते. एक सांभाळा, फ्रीजरमधून काढल्या काढल्या तिच्यावर दारू ओतली तर तिला तडे जातात. दोन-चार मिनिटं बाहेर ठेवा, वरचं पांढुरकं धुकं जाऊन ती ओलसर चमकायला लागली की घ्या.

सामान किती लागतं

फार नाही. मिलीच्या खुणा असलेलं माप, म्हणजे जिगर, हे पहिलं. डोळ्याने ओतणं हे रोज शंभर ड्रिंक करणाऱ्याला जमतं आणि चांगला बारटेंडर तरीही मोजतोच. शेकर दोन टिनवाला घ्या, झाकणातच जाळी असलेला तीन भागांचा शेकर गारठून अडकतो आणि मग पाहुण्यांसमोर झटापट होते. ढवळायला जाड तळाचा कुठलाही मोठा काचेचा ग्लास चालतो, लांब दांड्याचा चमचा, स्प्रिंगवाली बारची गाळणी, एक बारीक गाळणी आणि भाजी सोलायचं पीलर. झालं.

ग्लासांबद्दल एकच सांगते, लहान घ्या. १५० ते १८० मिलीचा. मोठ्या ग्लासात ड्रिंक गरीब दिसतं म्हणून माणूस जास्त ओततो आणि अर्ध्यावर ते कोमट होतं. ग्लास फ्रीजरमधे पंधरा मिनिटं ठेवलेला असला तर खूप फरक पडतो, जागा नसेल तर बर्फ-पाणी भरून बाजूला ठेवा आणि ओतायच्या आधी रिकामा करा.

आधी करून ठेवायच्या गोष्टी

साखरेचं सिरप: साखर आणि पाणी वजनाने समसमान. वजनाने म्हणतेय कारण एक कप साखर आणि एक कप पाणी यांचं वजन सारखं नसतं, साखर भरते कमी. गरम पाण्यात साखर घालून विरघळेपर्यंत हलवायचं, एवढंच, उकळत ठेवून तार आणायची नाही, पाणी उडून गेलं की ते दर वेळी वेगळं होणार आणि तुमचं गणित बिघडणार. बाटलीत भरून फ्रीजमधे दोन-तीन आठवडे टिकतं. दोनास एक, म्हणजे साखर दुप्पट, असंही करतात, ते जास्त टिकतं आणि ओल्ड फॅशन्डला बरं पडतं, पण मग माप कमी घ्यायचं हे लक्षात ठेवा.

लिंबाचा रस त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. काल पिळलेला रस आंबट असतो पण त्याचा वास मेलेला असतो आणि मागे एक कडवट चव राहते. हिरवं छोटं लिंबू आणि पिवळं मोठं लेमन यांचा आंबटपणा जवळपास सारखाच पण चव वेगळी, त्यामुळे रम, टकीला यांना हिरवं, व्हिस्की, ब्रँडी यांना पिवळं ही जुनी जोडी मोडायच्या आधी एकदा दोन्हीने करून बघा.

व्हर्मूथबद्दल मात्र मी जरा कळकळीने सांगते. व्हर्मूथ ही वाइन आहे, औषधी वनस्पती आणि थोडं स्पिरिट घातलेली वाइन, अल्कोहोल १६ ते १८ टक्के. आजचं गोड व्हर्मूथ इटलीतल्या तुरीन शहरात १७८६ मधे अँतोनियो बेनेदेत्तो कार्पानोने विकायला सुरुवात केली असं मानतात. वाइन असल्याने उघडल्यावर ती फ्रीजमधे जायला हवी आणि महिना-दोन महिन्यांत संपायला हवी. माझ्याकडे एक बाटली कपाटात व्हिस्कीच्या शेजारी सहा महिने उभी होती आणि तेवढा काळ मला वाटत होतं की मॅनहॅटन हे ड्रिंकच मला आवडत नाही. नवीन छोटी बाटली आणली, तीच व्हिस्की, तेच माप, आणि मनुका, संत्र्याची साल, लवंग असा भरून वास आला. तेव्हापासून मी मोठी बाटली आणतच नाही.

बिटर्स म्हणजे स्वयंपाकातलं मीठ समजा. योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार याच्या सैन्यात होता, व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावी त्याने १८२४ मधे सैनिकांच्या पोटासाठी हे कडू औषध तयार केलं. गावाचं नाव पुढे सिउदाद बोलिव्हार झालं, औषधाचं नाव राहिलं, आणि कारखाना नंतर त्रिनिदादला गेला. न्यू ऑर्लीन्समधे आंत्वान पेशो नावाचा औषधविक्या होता, त्याचे लालसर बिटर्स सॅझरॅक नावाच्या कॉकटेलमधे जातात. बाटली उलटी करून एक झटका दिला की एक डॅश, म्हणजे मिलीपेक्षा जरा कमी. पूर्ण भरलेल्या बाटलीतून छोटा पडतो, अर्धी झाली की मोठा, तेव्हा डोळा ठेवा.

पहिलं ड्रिंक: ओल्ड फॅशन्ड

हे पहिलं का, तर १८०६ ची ती व्याख्या जशीच्या तशी आजही ग्लासात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बारटेंडर कॉकटेलमधे क्युरासाव, अ‍ॅबसिंथ, माराश्चिनो अशा काय काय सुगंधी दारू घालायला लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, ते नको, जुन्या पद्धतीचं दे. तेच नाव पडलं.

जाड तळाच्या ग्लासात साखरेचा एक क्यूब ठेवा, त्यावर अँगोस्तुराचे दोन-तीन डॅश, मग चहाचा एक चमचा पाणी. हे पाणी सोडू नका. साखर दारूत नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते, आणि आधी विरघळली नाही तर तळाशी चिखल राहतो आणि शेवटचा घोट नुसता गोड लागतो. दाबून, फिरवून दाणे पूर्ण गेले की ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) किंवा राय (राय धान्याची) व्हिस्की घाला, एक मोठा बर्फ ठेवा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवा. इथे जरा कमी फिरवलं तरी चालतं कारण बर्फ ग्लासातच राहणार आहे, पिता पिता पाणी सुटत जातं. पहिला घोट ठसठशीत, शेवटचा मऊ, हीच या ड्रिंकची मजा.

आता साल. संत्र्याची दोन बोटं रुंद पट्टी पीलरने काढा, आतला पांढरा भाग शक्य तेवढा नको. ग्लासच्या वर चार बोटं अंतरावर, रंगीत बाजू खाली करून, दोन्ही हातांच्या बोटांत धरून झटकन दुमडा. उजेडासमोर केलंत तर तेलाचा बारीक फवारा उडताना डोळ्यांना दिसतो, आणि ड्रिंकच्या पृष्ठभागावर लहान लहान चकत्या तरंगतात. ती साल ग्लासच्या कडेवरून फिरवून आत टाका. फवारा न उडवता नुसती साल टाकली तर ती शोभेची वस्तू, चवीत तिचा काही उपयोग नाही.

ढवळायची ड्रिंक्स: मॅनहॅटन, मार्टिनी, नेग्रोनी

नियम सोपा आहे. सगळं पारदर्शक असेल, म्हणजे स्पिरिट, व्हर्मूथ, लिकर (गोड सुगंधी दारू), तर ढवळायचं. रस, अंडं, क्रीम असं काही असेल तर शेक. शेक केल्याने हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, आंबट ड्रिंकला ते हलकं करतात पण मार्टिनीला गढूळ आणि पातळ करतात.

मॅनहॅटन: ६० मिली राय, ३० मिली गोड व्हर्मूथ, अँगोस्तुरा दोन डॅश. हे ड्रिंक १८७४ मधे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात विन्स्टन चर्चिलच्या आईने दिलेल्या पार्टीत जन्मलं अशी गोष्ट सगळीकडे फिरते. ती खरी नाही. त्या दिवसांत ती इंग्लंडमधे होती, विन्स्टनचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा, ब्लेनिम पॅलेसमधला. खरी गोष्ट एवढीच की त्याच दशकांत इटलीचं आणि फ्रान्सचं व्हर्मूथ अमेरिकेच्या बारवर यायला लागलं आणि व्हिस्कीत, जिनमधे घालून बघितलं गेलं.

ढवळायची रीत नीट सांगते. मोठ्या ग्लासात सगळं मोजून घ्या, बर्फ शेवटी, आणि बर्फ द्रवाच्या पातळीच्या वर आला पाहिजे, थोडका बर्फ घातला तर तो लगेच वितळून संपतो आणि थंडी पुरत नाही. चमच्याची पाठ काचेला चिकटलेली ठेवा आणि दांडा बोटांत सैल धरून मधल्या दोन बोटांनी ढकला आणि ओढा, मनगट गोल फिरवायचं नाही. बर्फाची सगळी रास एकत्र फिरली पाहिजे, आदळली नाही पाहिजे. कान द्या: सुरुवातीला कोरडा खडखडाट येतो, पंधरा-वीस सेकंदांत कडा गोल होतात आणि आवाज मऊ होत जातो. बाहेरून काचेवर धुकं येतं, बोट लावलं तर गारठतं. ३० सेकंदांना चाखा. जीभेच्या टोकाला अजून टोचत असेल तर अजून दहा सेकंद. टोचणं जाऊन चव तोंडभर पसरली की लगेच गाळा, बर्फात ठेवून गार्निश शोधत बसू नका.

मार्टिनी त्याच रीतीने, ६० मिली जिन, १० ते १५ मिली ड्राय, म्हणजे गोड नसलेलं, व्हर्मूथ, हवं तर ऑरेंज बिटर्सचा एक डॅश, वर लेमनची साल किंवा ऑलिव्ह. व्हर्मूथ जवळपास नसलेली मार्टिनी ही नंतरच्या काळातली फॅशन, १९०० च्या आसपास ते भरपूर असायचं. पहिल्यांदा करणाऱ्याने १५ मिलीच घ्यावं असं माझं मत आहे, ताजं व्हर्मूथ असेल तर जिन जास्त सुंदर लागते.

नेग्रोनी, ३० जिन, ३० गोड व्हर्मूथ, ३० कांपारी (लाल, कडू इटालियन लिकर). फ्लोरेन्समधे १९१९ च्या सुमारास काउंट कामिल्लो नेग्रोनीने अमेरिकानो (कांपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा) मागवताना सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली अशी गोष्ट तिथे सांगतात. माप लक्षात ठेवायला सोपं, चुका माफ करणारं, म्हणून सरावाला सगळ्यात चांगलं. मी नवीन माणसाला नेहमी यावरच ढवळणं शिकवते.

शेक करायची ड्रिंक्स: डायकिरी आणि व्हिस्की सावर

डायकिरी म्हटलं की लोकांना बर्फाचा गुलाबी गोळा आठवतो, पण मूळ ड्रिंक तीनच गोष्टींचं: रम, लिंबू, साखर. क्युबात सांतियागोजवळ डायकिरी नावाची जागा आहे, तिथल्या खाणींवर काम करणारा अमेरिकन इंजिनियर जेनिंग्ज कॉक्स याचं नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून याला जोडलेलं आहे. पुढे हवानाच्या फ्लोरिदिता बारमधे कोन्स्तांतिनो रिबालाइग्वाने ते कसबाच्या टोकाला नेलं. कुठलाही बारटेंडर चांगला की नाही बघायचं तर डायकिरी मागवावी, लपायला जागाच नाही त्यात.

६० मिली पांढरी रम, २५ मिली हिरव्या लिंबाचा रस, २० मिली सिरप. छोट्या टिनमधे मोजा, चाखा, लिंबू दर वेळी वेगळं असतं त्यामुळे इथेच पाच मिली इकडे तिकडे करायची. बर्फाशिवाय चाखताना ते जरा जास्तच गोड आणि जास्तच आंबट लागायला हवं कारण थंडी आणि पाणी दोन्ही चव मंद करतात. मग टिन बर्फाने काठोकाठ भरा, दुसरं टिन जरा तिरकं बसवून तळहाताने ठोका, एक हात वर एक हात खाली, आणि खांद्याच्या उंचीवर आडवं धरून पुढे-मागे जोरात. बर्फाने टिनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवं. १२ ते १५ सेकंद. टिनवर पांढरा दहिवराचा थर येतो आणि धरवत नाही इतकं बोटांना झोंबतं, तोपर्यंत थांबू नका. दोन टिन जिथे एकमेकांपासून दूर होतात त्या बाजूला तळव्याने ठोका दिला की उघडतं. दोन्ही गाळण्यांतून थंड ग्लासात. वर फिकट फेसाचा पातळ थर दिसेल, तो दोन-तीन मिनिटांत बसतो, म्हणून लगेच द्या आणि लगेच प्या.

व्हिस्की सावरला ६० मिली बर्बन, २२ मिली लेमनचा रस, २० मिली सिरप आणि एका अंड्याचा पांढरा भाग. आधी बर्फाशिवाय १५ सेकंद शेक करायचं, थंडीत अंड्याचा फेस नीट फुलत नाही, मग बर्फ घालून परत. बर्फाशिवाय टिनमधे दाब तयार होतो आणि ती उघडायला बघतात, दोन्ही हातांनी घट्ट धरा. अंडं ताजं घ्या, आणि नुकतंच आजारातून उठलेलं कोणी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर कच्चं अंडं नकोच, पाश्चराइज केलेलं घ्या किंवा सोडून द्या, ड्रिंक तरीही छान होतं.

हीच मापं धरून पुढे जाता येतं. रमऐवजी टकीला, सिरपच्या जागी मुख्यतः ऑरेंज लिकर, की मार्गारिटा झाली. कोन्याक (फ्रेंच ब्रँडी), ऑरेंज लिकर आणि लेमन, की साइडकार. रेसिपी शेकड्याने आहेत पण घराणी मोजकी आहेत.

हे कसब मधे हरवलं कसं

१९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. बार बंद झाले आणि चांगले बारटेंडर लंडन, पॅरिस, हवानाला गेले. हॅरी क्रॅडॉक न्यूयॉर्कहून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात गेला आणि १९३० मधे तिथल्या रेसिपी पुस्तकरूपात आल्या, त्यामुळे बरंच वाचलं. त्याच बारवर त्याच्या आधी एडा कोलमन होती, हँकी पँकी हे ड्रिंक तिचं, आणि तिचं नाव कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. बंदी उठली तरी हात शिकवणारी पिढी तुटलेली होती, पुढे पावडरचं आंबट मिक्स आणि बंदुकीसारख्या नळीतून येणारा रस आला. १९८० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रेनबो रूम या रेस्टॉरंटमधे बारटेंडर डेल डिग्रॉफने ताजा रस परत बारवर आणला, आणि १९९९ च्या शेवटच्या दिवशी साशा पेट्रास्कीने मिल्क अँड हनी हा छोटा बार उघडला, तिथे मोठ्या लादीतून हाताने कापलेला बर्फ वापरायचे. म्हणजे पुनरुज्जीवन झालं तेही बर्फातूनच.

काही बिघडलं तर

घशाला लागतंय म्हणजे पाणी कमी, परत ढवळा, साखर वाढवू नका. पाणचट पण थंडही नाही, तर बर्फ ओला होता किंवा कमी होता. गोड वाटतंय तर आंबट किंवा बिटर्स वाढवा, दारू नाही. सपाट, काहीच नाव घेता येत नाही अशी चव असेल तर व्हर्मूथची बाटली कधी उघडली ते आठवा. आणि सगळं बरोबर असून पहिल्या घोटानंतर पडलं, तर ग्लास गरम होता.

एका मॅनहॅटनमधे जवळपास दोन ग्लास वाइनइतकं अल्कोहोल असतं आणि नीट केलेलं असलं की ते जाणवत नाही, म्हणून संध्याकाळी एक, फार तर दोन, सोबत पाणी आणि पोटात काहीतरी, आणि गाडी चालवणाऱ्याला देऊच नका.

सरावासाठी एका संध्याकाळी दोघं-तिघं मिळून एवढंच करा. नेग्रोनीचं ९० मिली माप तीनदा, एकदा १५ सेकंद ढवळून, एकदा ३०, एकदा ४५, आणि दर वेळी गाळल्यावर किती मिली झालं ते मोजून लिहा. मग कोणतं कोणतं आहे ते न सांगता छोट्या घोटांनी चाखा आणि प्रत्येकाने आपलं आवडतं निवडा. तुमच्या बर्फाला, तुमच्या ग्लासात, तुमच्या हाताने किती सेकंद लागतात तो आकडा त्यातून निघतो, तो फ्रीजरच्या दारावर चिकटवून ठेवा आणि बर्फाचा ट्रे बदललात की परत मोजा.